घोड्यावरून पडलेल्या विहीणबाई

मनीषाच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना मी तिच्या होणाऱ्या सासूबाईंना मारलं. फोनवर.

घाबरू नका, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी पळसदरीत घरी बसून एका मराठी मालिकेचे एपिसोड लिहितो. म्हणजे कथा कुणीतरी दुसराच रचतो, चॅनेलच्या मॅडम ती मोडतात, आणि उरलेले तुकडे संवाद घालून जोडायचं काम माझ्याकडे येतं. उद्या शूटिंग, आज चार वाजेपर्यंत पानं हवीत! अशा वेळी माणूस कल्पनाशक्तीकडे जात नाही, नातेवाइकांकडे जातो. काकांचं घोरणं, मावशीचे गुडघे, आईचे टोमणे, सगळं मी अख्ख्या महाराष्ट्राला दाखवून मोकळा झालोय.

तर, मनीषा ही माझी धाकटी बहीण. तिला बघायला खालापूरहून मंडळी आली, तेव्हा मुलाच्या आईने, म्हणजे हिराकाकूंनी, मनीषाने केलेलं घावन ताटलीतून उचललं. खिडकीच्या उजेडात धरलं. एक डोळा मिटला आणि घावनाच्या भोकांतून मनीषाकडे टक लावून बघितलं.

"दिसतेय," त्या म्हणाल्या. "जाळी झ्याक पडलीय. पोरगी पसंत हाय आमाला."

सगळे हसले. मी एकटा आत गेलो आणि ते वहीत टिपून ठेवलं.

पुढच्या महिन्यात एका दुपारी साडेतीन वाजले आणि माझं पान कोरं! हिराकाकूंना उचललं आणि मालिकेत टाकलं. फक्त मालिकेतल्या सासूला खाष्ट असावं लागतं, म्हणून माझ्या मालिकेतली सासू घावनातून बघून म्हणाली, "नाही दिसत. मुलगी नापसंत!" एपिसोड लागला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई ओळखणार! लग्न मोडणार!

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला.

"काय रं सुधीर, काल टीव्हीत घावन बघनारी बाई कोन?"

"काकू, ती... म्हणजे, काल्पनिक..."

"अरं काल्पनिक कशाला! मीच हाय ती! सगळ्या आळीला सांगितलं मी. आता रोज साडेसातला आमच्या पडवीत पंधरा-वीस बायका बसत्यात. जरा दागिने घाल की माझ्या अंगावर!"

मी दागिने घातले. पैठणी नेसवली. लग्नाची तारीख ठरली, दोन्ही घरं खूश होती, आणि मी स्वतःवर सगळ्यांत जास्त खूश होतो.

तेवढ्यात सासूचं काम करणारी नटी दुसऱ्या मालिकेत गेली. मॅडम म्हणाल्या, "उद्याच्या एपिसोडमध्ये कॅरेक्टर संपवा." आता नटीच नाही म्हटल्यावर मारायचं कुणाला? अशा वेळी मालिकेत फोन वाजतो. थोरली सून फोन उचलते. "हॅलो? काय? माथेरानला? घोड्यावरून? नाहीऽऽ!" ट्रे पडतो, कप फुटतात, भिंतीवर हार घातलेला फोटो येतो, संपलं! मी वीस मिनिटांत लिहून पाठवलं आणि चहा प्यायलो. हिराकाकूंची आठवणसुद्धा झाली नाही मला. (खरंच नाही झाली. मनीषा अजून मानत नाही.)

एपिसोड लागला, तेव्हा काकूंच्या पडवीत बायका बसलेल्याच होत्या. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारणींनी थट्टेने पिठलं-भाकरी आणून दिली! मग काकूंचा फोन आला. आवाज थंड होता.

"लगीन मोडत नाय मी. पोरगी गुणाची हाय. पन घरात मयत झाली की वरीसभर मंगलकार्य करत नायत आमच्यात. पुढल्या साली बघू."

"काकू, मेली ती मालिकेतली बाई!"

"असं? आन् घावन बघनारी कोन व्हती?"

"ती... तुम्ही."

"मंग मेलं कोन?"

मी फोन ठेवला आणि घरात सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "तुला मारायला दुसरं कोणी मिळालं नाही? काका काय वाईट होते?" मनीषा पत्रिकांचा गठ्ठा हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मग डोळे पुसत एवढंच म्हणाली, "दादा, मारलंस तू. आता उठव." तेव्हा मात्र मला खरोखर लाज वाटली.

मी काकूंना फोन केला. "उठवतो, पण नटी नाही हो माझ्याकडे!"

"मारलंस तवा तरी कुटं व्हती? फोनवर मारलंस ना? फोनवरच उठव!"

मी भीत भीत मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बॉडी दाखवली होती?"

"नाही."

"मग कुठे मेल्यात! वा, काय ट्विस्ट आहे! कुणाची आयडिया?"

"माझीच," मी म्हणालो.

चार दिवसांनी पुन्हा फोन वाजला. "हॅलो? काय? जिवंत आहेत?" फोटोवरचा हार उतरला. सासूबाई माथेरानच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये घालून पडल्या आहेत. वर गाडी जात नाही आणि घोड्यावर त्या बसत नाहीत, त्यामुळे खाली आणता येत नाही! (माथेरानला रुग्णवाहिका जाते हे मला माहीत आहे. मालिकेला माहीत नाही.)

त्या संध्याकाळी खालापुरात पेढे वाटले गेले आणि लग्न ठरल्या तारखेला लागलं. मनीषा हसत सासरी गेली.

लग्नानंतर काकू पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी मला शिक्षा सुनावली. घावन मी करायचं! केलं. काकूंनी ते उचललं, उजेडात धरलं, एक डोळा मिटला आणि त्यातून माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"लेखक काय दिसत नाय बुवा," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी बुधवारच्या एपिसोडमध्ये दुसऱ्या एका बाईच्या तोंडी घातलं. आधी त्यांना फोन करून विचारलं. त्यांनी त्यात दोन शब्द बदलले, आणि मॅडम म्हणाल्या की एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच काहीतरी चांगलं लिहिलंय.