पिठावरचा मासा

आई ज्या खाटेवर गेली ती खाट बाबांनी तिसऱ्याच आठवड्यात देऊन टाकली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीपाशी पाच-सहा फुटांची जागा रिकामी झाली. वर्षभर तिथे कोणी काही ठेवलं नाही. केर काढताना मीही तेवढा तुकडा घाईघाईने उरकत असे. मग एका रविवारी बाबा टेप घेऊन त्या भिंतीपाशी उकिडवे बसले, दोनदा माप घेतलं आणि म्हणाले, "इथे टाकी बसेल. माशांची." मासा त्यांच्या डोक्यात कुठून शिरला हे मला माहीत होतं. तो मीच घातला होता.

आमच्या घराण्याची एक रीत होती. माणूस गेलं त्या जागी दिवा ठेवायचा आणि दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्याशेजारी ताटात पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालायची. सकाळी पिठावर ज्याचा ठसा दिसेल त्या जन्माला जीव गेला असं समजायचं. बाबा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये बॉयलरचं पाणी तपासायचे. असल्या गोष्टींना ते थोतांड म्हणत. पुण्याहून आलेली आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, पीठ चाळायला बसली तेव्हाही ते तेच म्हणाले. आत्या कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. "ठसा उमटला नाही तर जीव घरातच घुटमळत राहतो," असं तिने मला बजावून सांगितलं आणि खुशाल घोरायला लागली.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी टोपली उचलली. पीठ सपाट होतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, सयाजीगंजच्या बाजूला बी.एस्सी.ला जात होते आणि मैत्रिणींसमोर देवाधर्माची यथेच्छ टिंगल करत होते. तरी ते सपाट पीठ पाहून मला आत्याचं बोलणं आठवलं. सात महिने आईने या खाटेवर काढले, आता आणखी इथेच अडकून पडायचं? मी करंगळी पिठातून फिरवली. मला पाखरू काढायचं होतं, पण बोट घसरलं आणि शेपटी जाड झाली. तासाभराने आत्याने टोपली उचलली. "अगं बाई, मासा! मासा झाली गं माझी भावजय!" म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला. बाबा दारात उभे होते. ते थोतांड म्हणाले नाहीत. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

टाकी करताना मात्र बाबा पुरते लॅबवाले झाले. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं, बाजारात रोज काहीतरी नवीन दिसत होतं, आणि ते कंपनीच्या बसमधून उतरले की हातात एखादं खोकं असायचंच. लोखंडी अँगलचा स्टँड मकरपुऱ्यातल्या वेल्डरने करून दिला. बारा एमएमची काच आली, तिच्याखाली थर्मोकोल आलं. तळाशी बागेतली माती आणि तिच्यावर मही नदीची रेती. ती रेती गढूळ पाणी निघेनासं होईपर्यंत मी खालच्या अंगणात धूत बसले, हातांची सालं निघाली. बाबांनी लांब चिमट्याने एकेक रोप रेतीत खोवलं. मागे व्हॅलिस्नेरियाची उंच पाती, पुढे क्रिप्टोकोरिनची तपकिरी पानं, मध्ये कुठल्याशा ओढ्यातून आणलेलं वाळलेलं खोड. आईने कधी एक कुंडी मागितली होती तर "माती कोण निस्तरणार" म्हणून यांनी नाही म्हटलं होतं.

पाण्यातल्या झाडांना वायू लागतो म्हणून त्यांनी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घालून ठेवलं आणि झाकणातून बारीक नळी टाकीत सोडली. चार दिवसांत घरभर आंबूस वास सुटला. दारूबंदीच्या गुजरातेत असा वास घरातून बाहेर गेला की शेजाऱ्यांना काय वाटणार? समोरचे काका जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "साहेब, आ शुं बनावो छो?"

"छोडवा माटे गॅस," बाबा म्हणाले. झाडांसाठी गॅस.

काकांनी उघड्या दारातून बाटलीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बायको गेल्यावर माणूस कशाकशाला लागतो ते त्यांना ठाऊक होतं. "थोडुं संभाळजो," म्हणून त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. मला हसू फुटलं. आई गेल्यानंतर त्या घरात मी मोठ्याने हसले ती पहिलीच वेळ.

पाणी भरल्यावर सहा आठवडे टाकीत मासा नव्हता. पाणी पिकायला हवं, असं बाबा म्हणत आणि रोज संध्याकाळी काचेच्या नळीत थेंब टाकून अमोनिया तपासत. ट्यूबलाइटच्या उजेडात नुसतीच झाडं हलायची. त्या खोलीत आलेला माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा, अगदी दूधवालासुद्धा.

सातव्या आठवड्यात ते पिशवीत मासा घेऊन आले. एकच. पर्ल गौरामी, अंगभर बारीक पांढरे ठिपके आणि छातीपाशी दोऱ्यासारख्या दोन मिशा. त्या मिशांनी तो समोरची प्रत्येक गोष्ट चाचपून बघायचा.

"एवढ्या मोठ्या टाकीत एकच?" मी विचारलं.

"दुकानदारही तेच म्हणत होता," बाबा म्हणाले. "पण एकच हवा."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजायचंही भान राहिलं नाही.

त्यानंतर बाबा संध्याकाळी टाकीपुढे खुर्ची ओढून बसायला लागले. आधी नुसते बसायचे, मग बोलायला लागले. बस कुठे बंद पडली, कोणाची बदली झाली, आज भाजीत मीठ जास्त होतं. भाजी मी केलेली असायची! मला इतका संताप यायचा. मी जिवंत आहे, दहा फुटांवर पोळ्या लाटते आहे, मला सांगा ना मीठ जास्त आहे म्हणून. आई होती तेव्हा हा माणूस जेवताना वर्तमानपत्रातून डोकं काढत नव्हता. आता माशाला सगळं सांगत होता, आणि तो मासा माझ्या करंगळीतून आला होता.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण बाबा चार घास जास्त जेवायला लागले होते, दाढी वेळेवर करत होते. ते मोडायचं धाडस होत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या टाकीची भीती वाटू लागली होती. मी खोलीत गेले की मासा पानांतून निघून माझ्या बाजूच्या काचेपाशी यायचा. खाणं मिळेल म्हणून येतो, हे मला कळत होतं. तरी मी पदार्थविज्ञानाचं पुस्तक उचलून आतल्या खोलीत पळायचे.

एकदा दिवेलागणीला मी कॉलेजमधून आले तर दार उघडंच होतं. बाबांनी बोट पाण्यात बुडवलं होतं आणि मासा मिशांनी ते चाचपत होता. बाबा म्हणत होते, "मी तुला मुंबईला न्यायला हवं होतं. डॉक्टर पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. मला वाटलं, इथेच होईल बरं. रजा घेतली नाही मी. मला माफ कर." तेच तेच ते पुन्हा म्हणत होते, आणि मासा वर येत नव्हता की खाली जात नव्हता.

मुंबईचं मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो नंतर पुष्कळ आला. त्या क्षणी मात्र एकच दिसलं, की माझे बाबा माझ्या एका रेघेकडे माफी मागत आहेत आणि ती रेघ त्यांना कधीही माफ करू शकणार नाही.

"बाबा, तो ठसा मी काढला होता," मी दारातूनच म्हटलं. "पीठ सपाट होतं. मी बोट फिरवलं."

त्यांनी बोट पाण्याबाहेर काढलं आणि लेंग्याला पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"अगदी सपाट होतं?"

"हो."

"तू नीट पाहिलं होतंस?"

"हो, बाबा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. लहान मूल मोठ्या माणसाकडे पाहतं तसे. मग त्यांनी विचारलं, "मग ती कुठे गेली गं?"

ते उठून आत गेले. त्यानंतर ते टाकीपुढे कधी बसले नाहीत. झाडं वाढत होती, त्यांना कात्री लावायला हवी होती, दर आठवड्याला चार बादल्या पाणी बदलायला हवं होतं. ते माझ्यावर आलं. चिडचिड करत मी केलं, पण केलं. जेवताना बाबा पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालू लागले.

महिनाभराने एका संध्याकाळी मी बाह्या वर करून टाकीत पिवळी पानं तोडत होते. मासा आला आणि माझं मनगट चाचपू लागला. मी हात काढला नाही. शेजारच्या खोलीत बाबा आहेत, त्यांना ऐकू जाईल, म्हणून मी काचेला तोंड लावून अगदी हळू म्हटलं, "आई, मी बाबांना सांगायला नको होतं गं."