शिवण वर

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. बर्कडालमध्ये, आमच्या गावात, सगळ्यांना वाटतं, गाईनं लाथ मारली असणार. ती माझ्या भावानं मोडली. एक तो चौदा वर्षांचा असताना, दुसरं बावीसचा असताना, आणि दोन्ही वेळा मी दुसऱ्या हातानं त्याच्या कानाखाली आवाज काढला होता.

ऑरिन स्कोगेन त्याचं नाव. बारा हंगाम तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला, दर रविवारी साठ-सत्तर हजार माणसांसमोर, आणि तरी पेट्रोल पंपावर त्याला कुणी ओळखत नसे. तो लाँग स्नॅपर होता. ज्यांना खेळ कळतो त्यांनाही हे काम नीट कळत नाही, म्हणून सांगते. गोलाच्या दोन खांबांमधून चेंडू लाथेनं मारायचा असतो, तेव्हा एक माणूस पुढं ओणवा होतो आणि स्वतःच्या पायांमधून चेंडू मागं फेकतो. मागं सात-आठ यार्डांवर दुसरा एकजण गुडघा टेकून बसलेला असतो. तो पकडतो, जमिनीवर उभा धरतो, आणि तिसरा येऊन लाथ मारतो. ओणवा होणारा तो आमचा ऑरिन. चेंडू सुटला की समोरचे तीन धिप्पाड गडी त्याच्या मानेवर येऊन आदळायचे. मागं काय झालं ते त्याला कधीच दिसायचं नाही.

आता शिवणीचं. चेंडूच्या एका अंगाला जाड पांढऱ्या दोरीची शिवण असते. लाथ मारणाऱ्याचा पाय तिच्यावर पडला तर चेंडू भरकटतो. म्हणून चेंडू हवेत दरवेळी मोजक्याच गिरक्या घेऊन असा पोचला पाहिजे, की पकडणाऱ्याच्या हातात शिवण बरोबर वर असेल. त्याला फक्त टेकवायचा असतो, फिरवायला वेळ नसतो. एवढंच काम. हे एवढंच काम ऑरिननं बावीस वर्षं केलं.

शाळेत तो जाडा होता, मंद होता, आणि चार पावलांवरून टाकलेलं सफरचंदही त्याला झेलता येत नव्हतं. प्रशिक्षकांनी विचारलं, पायांमधून कोण फेकेल? बाकीची पोरं हसली. हा ओणवा झाला, कारण त्याला लाज कशी ती नव्हतीच. घरी आला आणि मला म्हणाला, "मार्ली, मागं उभी राहतेस का जरा?" बाबा दूध काढण्यात गुंतलेले, आई गेलेली. मी एकोणीस वर्षांची होते, तो तेरा. मी गोठ्यामागं उभी राहिले आणि पुढची बावीस वर्षं तिथंच उभी होते म्हणायला हरकत नाही. मध्ये एक लग्न केलं, ते मोडलं, पण त्याच्या सरावाचा एकही जुलै चुकवला नाही.

विद्यापीठानं त्याला बोलावलं नव्हतं, तो आपणहून जाऊन उभा राहिला. पुढं तीन संघांनी त्याला घेतला आणि तिघांनीही काढून टाकला. मधल्या काळात तो गुरांच्या खाद्याचा ट्रक चालवायचा. चौथ्या संघाचा फोन आला तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत एका अडलेल्या गाईच्या पोटात होता. मीच फोन त्याच्या कानाला धरला. तीनदा "हो सर" म्हणाला, फोन ठेवायला सांगितला, वासरू ओढून बाहेर काढलं, तोंडावरचा चिकटा पुसला आणि मग म्हणाला, "मला घेतलं गं." मी त्या घाणीतच बसून रडले. वासरू कालवड होतं. तिचं नाव आम्ही 'हो-सर' ठेवलं.

गावातल्या बारमध्ये डेल्मर नावाचा एक फुकट बडबड्या बसतो. तो दर सोमवारी मला गाठायचा. "काय गं मार्लिस, काल टीव्हीवर तुझ्या भावाचं ढुंगण दिसलं. तोंड कधी दिसणार?"

"तुझ्या तोंडापेक्षा ते ढुंगणच देखणं आहे, डेल्मर. बिअर पी."

मी हसायचे, पण मला ते लागायचं. ऑरिनचं नाव कुणी घेत नाही, कारण तो चुकत नाही, हे या येड्याला कसं कळावं? मला मात्र कळायचं. दर जुलैत, संघाचं शिबिर सुरू व्हायच्या आधी, तो घरी यायचा. पहाटेचं दूध काढून झालं की आम्ही गोठ्यामागं जायचो. तीस चेंडू. प्रत्येक चेंडू फेकल्यावर तो मान खाली घातलेलीच ठेवून विचारायचा, "शिवण?" आणि मी सांगायचे, "वर." वळून बघायचा नाही. मैदानावर बघता येत नाही तर इथं कशाला बघायचं, असं त्याचं म्हणणं. त्याचे डोळे म्हणजे मी. उभ्या तालुक्यात हा मान माझा एकटीचा होता आणि मला त्याचा भारी गर्व होता. मी बेचाळीस गाईंचं शेण काढणारी बाई. पण रविवारी तो ओणवा झाला की मला वाटायचं, यात अर्धा हात माझा आहे.

बाराव्या हंगामाच्या आधीचा जुलै. पहिल्याच सकाळी पहिलाच चेंडू हातात आला आणि त्याच्याच चेंडूंनी वाकड्या झालेल्या माझ्या बोटांना तो वेगळा लागला.

"शिवण?"

"डावीकडं. थोडीशी."

"आणखी एक." तोही डावीकडं. तीस झाले, साठ झाले. दुसऱ्या दिवशी त्यानं पकड बदलली, तिसऱ्या दिवशी पाय बदलले. जेवण सुटलं. माझ्या हातचा ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश तो भांडं खरवडून खायचा, त्याला शिवला नाही. मी म्हणाले, "अरे, होईल नीट, चार घास खा." त्यानं मिठाची बाटली भिंतीवर फेकली. जन्मात त्यानं कधी काही फेकलं नव्हतं, पायांमधून सोडून. मग टेबलावर डोकं टेकवून म्हणाला, "मार्ली, हे गेलं तर मला दुसरं काही येत नाही गं. मी पस्तीस वर्षांचा आहे आणि मला एकच गोष्ट येते."

मला वाटलं, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. जितका विचार करतोय तितका बिघडतोय. त्याचा धीर परत आला तर चेंडूही परत येईल. खरंच असं वाटलं मला. आणि दुसरंही खरं आहे, तेही सांगून टाकते: हे गेलं तर माझा जुलैही जाणार होता.

चौथ्या सकाळी त्यानं विचारलं, "शिवण?" चेंडू माझ्या हातात होता, शिवण डाव्या अंगठ्याखाली. मी म्हणाले, "वर."

तो हलला नाही. "नक्की?"

"वर म्हटलं ना."

पुढचा. "वर." त्याच्या पुढचा. "वर." तीस वेळा. तो सरळ उभा राहिला तेव्हा चेहरा असा उजळला होता, की मला माझं खोटं बोलणं पुण्याचं काम वाटलं. त्यानं चार अंडी खाल्ली. महिनाभर मी रोज तेच बोलले. कधी शिवण खरंच वर यायची, मग मी मोठ्यानं म्हणायचे.

सप्टेंबरात त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "रस्टी म्हणतोय, शिवण डावीकडं येतेय." रस्टी म्हणजे मागं गुडघा टेकून बसणारा. नऊ हंगाम दोघं एकत्र होते. प्रवासात एकाच खोलीत झोपायचे, एकमेकांच्या घोरण्याच्या नकला करायचे. "मी त्याला म्हटलं, तुझे हात म्हातारे झालेत. मार्लीनं जुलैत सातशे चेंडू पकडलेत, एकही वाकडा नाही. बरोबर ना, मार्ली?"

इथं मला तोंड उघडता आलं असतं. जुलैतलं खोटं मायेपोटी होतं असं म्हणता येईल. हे मात्र निव्वळ भित्रेपणाचं होतं. मी म्हणाले, "बरोबर."

तेव्हापासून तो रस्टीशी कामापुरतंच बोलायला लागला. बिचारा रस्टी हंगामभर प्रत्येक चेंडू बोटांनी फिरवून घेत राहिला आणि त्यानं प्रशिक्षकांकडं चकार शब्द काढला नाही. तोही माझ्यासारखाच. आम्ही दोघांनी मिळून ऑरिनला सांभाळलं.

जानेवारीत बाद फेरीचा सामना होता. हाडं गोठवणारी थंडी. दोन गुणांनी मागं, वीस सेकंद उरलेली. चेंडू खांबांमधून गेला तर तीन गुण. अडतीस यार्डांवरून लाथ, म्हणजे एरवी डोळे मिटून व्हावी अशी. मी गावच्या बारमध्ये टीव्हीसमोर होते; सगळा बार उभा राहिला होता. ऑरिन ओणवा झाला आणि माझी बोटं आपोआप उघडली. चेंडू गेला. पाय आला. चेंडू उजव्या खांबाला बाहेरून घासून पडला.

मग टीव्हीवाल्यांनी तेच सावकाश दाखवलं. बारमधले सगळे लाथ मारणाऱ्याला शिव्या घालत होते. मी शिवण बघत होते. ती सरळ त्याच्या पायासमोर होती आणि रस्टीची बोटं अजून फिरवतच होती. इतकी वर्षं कुणीतरी टीव्हीवर ऑरिनचं नाव घ्यावं म्हणून मी वाट पाहिली होती. त्या संध्याकाळी त्यांनी ते चार वेळा घेतलं. डेल्मरनं उठून टीव्ही बंद केला.

मंगळवारी संघानं ऑरिनला काढलं. फोनवरच. ट्रकमध्ये दोन पिशव्या टाकून तो घरी आला आणि गोठ्यात काम करायला लागला. फेब्रुवारीत दुधाची बादली त्याच्या हातातून सुटली. मी हात धरून पाहिला, तर अंगठा आणि तर्जनीमधलं मांस खोल गेलेलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. डॉक्टरकडं मीच घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. मानेतली शीर दबली होती. रोज मानेवर तीन गडी घेणाऱ्याचं तसं व्हायचंच. शस्त्रक्रिया केली तर पुढचं थांबेल, म्हणाल्या, पण गेलं ते येणार नाही. मग विचारलं, "कधीपासून? आठवून सांगा. नेम चुकणं, पकड बदलावी लागणं?"

"जुलैत सगळं ठीक होतं," ऑरिन म्हणाला. "सुरुवातीचे तीन दिवस जरा गडबड झाली, मग ठीक. ही माझी बहीण, हिनं पकडलेत. हिला विचारा. ही चुकत नाही."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी हातातल्या टोपीकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मग फार झपाट्यानं झालं म्हणायचं. जुलैतच कळलं असतं, तर हात वाचला असता बहुतेक."

परत येताना त्यानं गाडीत माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाला, "असं तोंड नको करू गं. कळणार तरी कसं?"

त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी मी त्याच्या शर्टाची बटणं लावली. त्याची बोटं बटणाला पुरत नव्हती. स्वयंपाकघरात तो हनुवटी वर करून उभा राहायचा, मी खालून वर बटणं लावत जायचे, आणि तो काहीतरी चेष्टा करायचा, "डेल्मरलाही लावून देतेस का गं?" असलं काहीतरी. रोज सहा बटणं लावेपर्यंत मी ठरवायचे की आज सांगते. सातवं बटण नव्हतंच.

या जुलैत एका सकाळी तो माळ्यावरून जुना चेंडू घेऊन खाली आला. "चल, एकच," म्हणाला. "हसायचं नाही." मी गोठ्यामागं माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. गवतात अजूनही तिथं टक्कल आहे. तो कण्हत ओणवा झाला. चेंडू सुटला, अर्ध्यावर पडला, गवतात दोनदा उडाला आणि माझ्या पायांपाशी येऊन थांबला. तो अजून मान खाली घालूनच होता. हसत म्हणाला, "शिवण?"

मी म्हणाले, "खाली."

"झालं! तीन वर्षांत एवढीच प्रगती."

"ऑरिन, तेव्हाही वर नव्हती. त्या जुलैत. चौथ्या दिवसापासून मी खोटं बोलले."

तो तसाच वाकून उभा राहिला. इतका वेळ, की मला वाटलं त्याच्या मानेत काही धरलं. मग तशाच अवस्थेत त्यानं विचारलं, "किती?"

"महिनाभर. जवळजवळ सगळे."

तो सरळ झाला. माझ्याकडं पाहिलं नाही. पँटला हात पुसले आणि घरात गेला. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून त्याचा आवाज आला. तो रस्टीशी फोनवर बोलत होता. "तू खरं सांगत होतास," एवढंच ऐकू आलं. पुढं तो रडत होता की ऐकत होता, मला माहीत नाही. मी चेंडू उचलायलासुद्धा गेले नाही.

दुसऱ्या सकाळी तो डोक्यातून घालायचा सदरा घालून गोठ्यात आला. बटणांचे सगळे शर्ट त्यानं चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकलेत. त्याबद्दल तो मला काही बोललेला नाही. आरडाओरडा केला असता, तर मी कान पकडून ऐकून घेतला असता. तो दूध काढतो, जेवतो, भांडी घासू लागतो, आणि हवा कशी आहे ते मी न विचारता सांगतो. फक्त मी काही सांगितलं की पडताळून बघतो. मी म्हणाले अमकी गाय माजावर आहे, की तो हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन उभा राहतो. काल संध्याकाळी मी म्हणाले, कुरणाचं फाटक लावलंय. तो "हं" म्हणाला, रबरी बूट घातले आणि बघायला गेला.