चहासाठी थांबलेलं मशीन

यंत्राला अक्कल येते ती मोठ्या शहरातल्या काचेच्या इमारतीत, असा आपला समज. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ती चहापायी आली.

रुद्रय्या मूळचा कुरुंदवाडचा. वीस वर्षं एकाच ड्रिलिंग मशीनवर. ड्रिल आपल्या गतीनं खाली उतरायचं. जोडीदार केरबा खुणेवर डोळा लावून बसायचा आणि भोक पुरेसं खोल झालं की "बास!" म्हणून ओरडायचा. मग रुद्रय्या बटण दाबायचा. केरबाचा आवाज असा, की शेजारच्या कारखान्यातलीही माणसं हात थांबवायची. अडचण एकच. दोघांना मिळून चहाला जाता येत नसे. केरबा गेला तर ओरडणार कोण, आणि रुद्रय्या गेला तर ऐकणार कोण?

म्हणून रुद्रय्यानं जुन्या फ्रिजच्या दाराचं बटण, सायकलच्या ब्रेकची तार आणि स्कूटरची स्प्रिंग जोडली. भोक पुरं झालं की मशीन आपोआप बंद! दोघं टपरीवर जोडीनं गेले. असे नऊ चहा झाले. दहाव्या दिवशी मालकांनी बघितलं. रुद्रय्याला हार घातला, फोटो काढला आणि केरबाला घरी बसवलं.

"तार सरकतीया, मालक," रुद्रय्या महिन्याभरानं खोटंच म्हणाला. "माणूस पायजेच हितं."

"महिन्यात एक भोक चुकलं न्हाय, रुद्राण्णा. भारी डोकं लावलंसा की!"

आता चहाला वेळच वेळ होता. बायको बसम्मा जाऊन तीन वर्षं झालेली. घरी आवाज करणारा तेवढा कुकर.

एका रविवारी तो केरबाच्या गावी, गडमुडशिंगीला गेला. केरबा म्हशींची टाकी भरत होता.

"या पावणं! टाकी भरली की मोटार बंद कराय पळावं लागतंय बघ. तुजं ते आपोआप हितं बसीव की."

काम वीस मिनिटांचं. रुद्रय्यानं टाकीला दोन फेऱ्या मारल्या, टेप लावली, मान हलवली.

"अवघड हाय. फुडच्या रविवारी बघू."

त्या रविवारी तार आखूड निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी पाण्यावर तरंगायचा डबाच गळका निघाला. पाचव्या रविवारी केरबाची सून स्नेहल वैतागली.

"मामा, बाजारात तयार मिळतंय की! उद्या कामावरनं येताना आणते."

रुद्रय्या खाली बघून तारेचा पीळ सोडवत राहिला.

"बाजारातलं टिकत न्हाय," केरबा सुनेवर खेकसला, आणि टेपचं दुसरं टोक धरून टाकीपाशी बसला. "घे रं, परत माप घे. घाई न्हाय."