पाहुण्यांचा विमा

जगात जे काही पडू शकतं, फुटू शकतं, बुडू शकतं किंवा घशात अडकू शकतं, ते माझ्या बायकोच्या धाकट्या काकांना आदल्या दिवशीच दिसलेलं असतं. त्यांचं घर देवबागला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. पर्यटकांना फिरवायची एक होडी आहे. होडी सुटण्याआधी काका "हलतली हां, पण घाबरू नकात" हे इतक्यांदा बजावतात की दोन-चार जण किनाऱ्यावरच घाबरून उतरतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो तेव्हा ताटात पेडवे होते. काका समोर उकिडवे बसून दर घासाला "जावयबापू, काटो!" म्हणत राहिले. कंटाळून मी मासे सोडून नुसता डाळभात कालवला, तर म्हणाले, "भातात खडो असात, बगा."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं, मेघाचं लग्न ठरलं. त्याच सुमारास होडीच्या विम्यासाठी आलेला एजंट जाता जाता बोलून गेला, "काका, आता लग्नाचाही विमा निघतो. तुमच्या मांडवात पाहुण्याला इजा झाली तर भरपाई कंपनी देते." तो बिचारा चहा पिऊन गेला, इकडे काकांची झोप उडाली. तोवर लग्नापुरती त्यांना फक्त अंगणातल्या माडावरच्या नारळांची धास्ती होती. आता समुद्राचा वारा सुटून अख्खा मांडव चारशे माणसांच्या डोक्यावर येताना दिसायला लागला. मी कुडाळात राहतो. दिवसाला सात-सात फोन. "जावयबापू, मेघाची सासू निसरून पडली तर ता विम्यात बसता?" बसतं म्हटलं की, "मगे घेव?" घ्या म्हटलं की, "पण विमो घेणा म्हणजे आपणच अपघाताक आमंत्रण देणा न्हय?" नका घेऊ म्हटलं की, "आणि खरोखरच पडली तर?" मी फोन उशीखाली ठेवून बघितला. ते बायकोच्या फोनवर यायला लागले.

शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. पाषाणाला फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान विमो..." आणि थांबला. "विमो नेमको कसलो, ता सांगा. देवाक अर्धवट सांगून चलाचा नाय." काकांनी खिशातून कागद काढला आणि अटी वाचायला घेतल्या. "विमाधारकाच्या निष्काळजीपणामुळे तृतीय पक्षास झालेली शारीरिक इजा..." "व्हय म्हाराजा!" मी आणि देवळात टेकलेले दोन म्हातारे दर अटीला साथ देत होतो. आठव्या अटीला उजवी कळी पडली.

मला वाटलं, सुटलो. काका मात्र पांढरेफटक. "देव घे म्हणता म्हणजे काय तरी होवचा आसा! नायतर कित्याक घे म्हणात?" मांडवच नको म्हणून तिथूनच मला स्कूटरवर घालून ते मालवणात हॉल बघायला गेले. जिना, पंखे, स्वयंपाकघराचं दार, सगळं तपासून त्यांनी हॉल जवळजवळ ठरवलाच.

घरी आलो तर मेघा पायरीवर बसलेली. हॉलचं ऐकून ती चिडली नाही, हेच वाईट. म्हणाली, "बाबा, आठ वर्सां मी पुण्यात दुसऱ्यांच्या खोलीत रवलंय. लगीन तरी माझ्या दारात होवांदे." पोरीला तिच्याच घरातून नीट पाठवता येणार नाही, ही भीती काकांच्या कुठल्याच यादीत नव्हती. त्याच संध्याकाळी त्यांनी विमा घेतला आणि मांडववाल्याला अंगण दाखवलं.

लग्न लागताना काका मांडवाचा एक खांब धरून उभे होते. एका हाताने खांब, दुसऱ्या हाताने अक्षता. चारशे माणसं जेवून गेली, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. रात्री बारा वाजता विमा संपला.

दुसऱ्या दिवशी मांडववाले मांडव सोडायला आले, ते काकांनी परत पाठवले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काकींनी मला बोलावून घेतलं. वारा जोरात होता, वरचं कापड फडाफडा वाजत होतं, एक दोरी सुटून लोंबत होती आणि काका त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसले होते.

"काका, विमा संपलाय," मी म्हटलं. "आता हे कुणाच्या डोक्यावर आलं तर?"

"येवांदे," ते म्हणाले. "उद्या पाचपरतावन. लग्नानंतर पयल्यांदा पोर माघारी येतली. दार उघडा-बोडका बगून तिका काय वाटात?"

मीही खुर्ची ओढून शेजारी बसलो. डोक्यावरचा बांबू करकरला. मी दचकून वर बघितलं. काकांनी बघितलं नाही. ते रस्त्याकडे बघत होते.