गुणाजीचा हात आणि पंख्याचे हुक

गुणाजी घाडी गणपतीहून परतताना गावचा देवचार, म्हणजे राखणदार भूत, बरोबर आणतो आणि त्याचा हात लागला की लोखंड मोडतं, अशी कुजबुज मरोळच्या आमच्या शेडमध्ये होती. आडनावच घाडी, म्हणजे भुतंखेतं उतरवणाऱ्याचं, त्यामुळे कुजबुजीला पाय फुटायला वेळ लागला नाही. खोटं कशाला सांगू, त्यातला एक पाय मीच लावला होता.

गुणाजी पंख्याचे हुक वळवायचा. सळईला आधी काटकोन, मग तेच वळण आवळून हुक. सत्तावीस वर्षं एकही परत आला नाही. पण रंग भाजायची भट्टी बसली त्या सालापासून, सुट्टीहून आला की पहिल्याच आठवड्यात त्याचे हुक टकाटक मोडू लागले.

तिसऱ्या वर्षी चंद्रप्रकाश शेठ म्हणाले, "यंदा एक जरी मोडला ना गुणाजी, तर काठी घे आणि गेटवर वॉचमन म्हणून बस."

गावी जाऊ नये, तर घरचा गणपती, भाऊ तोंड बघणार नाहीत. जावं, तर हात बदनाम. घरी तो तान्ह्या नातीलाही उचलेना. बायको सुलक्षणा वैतागली, "अहो, पोर काय सळी आसा मोडाक?" हा आपला हात पाठीमागे धरून कोपऱ्यात.

गेला, आला, आणि शेठच्या डोळ्यांदेखत पहिलाच हुक मोडला. गुणाजी स्वतःच काठी शोधू लागला.

तपासणीच्या लॅबमधली दर्शना मोडलेले तुकडे न्यायला आली होती. तिने त्याला थांबवलं. "काका, वळवताना जोर जास्त लागला?"

"लागलो गो. दुप्पट."

"सुट्टीत हे अर्धे वळवलेले कुठे होते?"

"पावसात गंज धरता, म्हणान मीच भट्टीच्या माथ्यार रचून जातंय," गुणाजी चाचरत म्हणाला. "दर वर्सा."

दर्शनाने कोरी सळई पुढे केली. "ही एका दमात पुरी वळवा."

तो हात पुढे करीना. शेठ डाफरले, तेव्हा वळवली. मोडली नाही. दुसरी, तिसरीही नाही. मग भट्टीवरच्या ढिगातला एक शेठनी स्वतः आवळायला घेतला. टक. आम्ही सगळे शेठच्या हाताकडे बघू लागलो. शेठनी तो खिशात घातला.

"वळवलं की लोखंड आतून सरकतं," दर्शना म्हणाली. "मग त्यातला कर्ब आणि नत्र हळूहळू त्याच जागी येऊन अडकतात, पुन्हा सरकू देत नाहीत. एरवी याला महिने लागतात. भट्टीच्या उबेत काही तासही पुरतात."

गुणाजी त्या संध्याकाळी गेटवर नाही, आपल्या कामाच्या बाकड्यावरच होता. घरी जाऊन नातीला उचललं म्हणतात. मी काही पाहिलं नाही, सुलक्षणा सांगते.

देवचार वगैरे काही नव्हतं. थंड वळवलेलं पोलाद तसंच उबेत राहिलं की त्याची ताकद वाढते आणि चिवटपणा जातो. गंजू नयेत म्हणून गुणाजी अर्धे हुक भट्टीवर ठेवून गावी जायचा, म्हणून ते मोडायचे.