शेजारणीचा खोकला

संगणकाचं नाव काढलं की आजही माझं डोकं असं तापतं, की त्यावर चहा उकळावा.

भरवेलीच्या मँगनीज खाणीजवळच्या चाळीत मी संशोधनासाठी बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. धुळीनं छातीला काय होतं, एवढंच विचारायचं होतं. अहवालात त्रास दिसला तर एक संस्था तिथं दर आठवड्याला डॉक्टर पाठवणार होती. नाही दिसला, तर नाही. मी एकेक वाक्य कापून चिठ्ठ्या केल्या, एकाच विषयाच्या जवळजवळ ठेवून घरातल्या दोरीवर चिमट्यांनी लटकवल्या. दोरी अशी वाढली की दुसरं टोक तिरोडी स्टेशनात बांधायची वेळ आली. आई कडाडली, "अन् लुगडं कुठं वाळू घालू? तुया डोक्शावर?"

पण मार्गदर्शक सरांकडे नवं सॉफ्टवेअर आलेलं! "हातानं केलं की आपल्याला हवं तेच दिसतं," म्हणाले. मुलाखती इंग्रजीत करून यंत्राला भरवल्या, वाक्यांना 'स्वतःचा त्रास', 'इतरांचा त्रास' अशी लेबलं चिकटवली. स्वतःचा त्रास निघाला शून्य!

शून्य! अख्खी चाळ खोकून खोकून कौलं उडवत होती, अन् यंत्राच्या लेखी सगळ्या पहिलवान!

अहो, तिथली बाई आपलं दुखणं आपल्या नावानं सांगतच नाही. "मले काय धाड भरली? शेजारणीले इचार, रातभर खोकलते." शेजारीण म्हणते, "मी बरी हाओ, तिचंच पाह्य बापा." दोरीवर दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी आल्या की आंधळ्यालाही कळावं. यंत्रानं मात्र दोघींनाही औषधाविना बरं करून टाकलं.

सरांना गाडी-ड्रायव्हरसकट ओढतच चाळीत नेलं. तेवढ्यात खाणीचा ट्रक गेला, काळी धूळ उठली, आणि सरांना अशी उबळ आली की खाणीतल्या लोकांना भोंगा झाल्यासारखं वाटलं. दारातली म्हातारी पाणी घेऊन धावली, "काय झालं जी, साहेब?"

सर डोळे पुसत म्हणाले, "मला काही नाही. ड्रायव्हरला जरा धुळीचा त्रास आहे."

मी विचारलं, "सर, हे कोणत्या लेबलाखाली टाकू?"

परतल्यावर त्यांनी दोरीवरच्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या. अहवाल बदलला, डॉक्टर यायला लागला. पण छापलं काय? 'संगणकीय विश्लेषणातून असे आढळून आले'!

आढळून आलं म्हणे! मग ओली लुगडी घेऊन आई कोणासाठी उभी होती?