मासोळीच्या घरी मासोळी बंद

साकोलीच्या बाजूला आमचं गाव, गावाला लागून तलाव. धंदा मासोळीचा. आमच्या घरात भात उरायचा, मासोळी कधी उरली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास, ऐन पावसाळ्यात, माझा मोठा भाऊ अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला आणि वर आलाच नाही. सापडला तेव्हा मासोळ्यांनी त्याची बोटं कुरतडली होती. आमच्यात रीत आहे, ज्या पाण्यात घरचं माणूस गेलं त्या पाण्यातलं वर्षश्राद्धापर्यंत खायचं नाही. पकडायचं, विकायचं, पण आपल्या ताटात घ्यायचं नाही. वहिनी तेव्हा पोटुशी होती.

दिवाळीनंतर पोरगी झाली, एवढीशी. वहिनी नुसता भात चिवडायची, दूध आटत चाललेलं. साकोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हिला पोटभर जेवू घाला, मासोळी द्या. मासोळीत एक तेल असतं, ते अंगात पुरेसं बनत नाही, खाण्यातूनच मिळतं. आईच्या दुधातून ते पोरीच्या डोळ्यांना, मेंदूला लागतं." मला हसावं की रडावं कळेना. रोज टोपलीभर मासोळी आमच्याच दारातून बाजाराला जात होती.

घरी येऊन मी मायच्या मागे लागले. मी तशी तोंडाळच. म्हटलं, "जिवापेक्षा रीत मोठी हाय का?"

माय जाळं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "रीतीचं काय घेऊन बसली? माह्या पोराले ज्याईनं खाल्लं, त्याईले मी शिजवू?"

वरच्या तलावातली आणावी म्हटलं, तर त्याचा सांडवा आमच्याच तलावात उतरतो, पाणी एकच. डॉक्टरांनी माशाच्या तेलाची बाटली दिली होती. वहिनीने बूच काढलं, वास घेतला आणि परसात जाऊन ओकली. मला डॉक्टरांचा राग आला, मायचा आला, भावाचाही आला. मेलेल्या माणसावर रागावून काय होतं? पण आला.

पोरगी रडायचीही थांबली तेव्हा माय उठली. स्वतः त्याच तलावातले झिंगे निवडले, रस्सा केला, ताट वहिनीपुढे ठेवलं. "खाय बाई. पोरीसाठी खाय. पाप माह्या माथी."

वहिनीने ताट मायकडे सरकवलं. मग हळूच म्हणाली, "पयले तुमी खा."

मायने घास कालवून तोंडात घातला. चावेना, गिळेना. तशीच बसून राहिली, डोळ्यांना धार लागलेली. शेवटी वहिनीनेच हात पुढे केले, मायच्या तोंडातला तो घास आपल्या ओंजळीत घेतला आणि म्हणाली, "राहू द्या."

मी पोरीला घेऊन दारात उभी होते. ती माझ्या छातीशी तोंड लावून दूध शोधत होती. माझं तर तेव्हा लग्नही झालं नव्हतं.